पासवर्डचे धनी

रक्त तपासणाऱ्या लॅबच्या काउंटरवर ताई कार्बन पेपरच्या काळापासून बसत होत्या. नव्या मॅनेजरला मात्र खात्री होती, की बायका कॉम्प्युटरवर नुसते पत्ते खेळतात. आल्या आल्या त्याने काउंटरवरचा कॉम्प्युटर कुलूपबंद केला. इंटरनेट बंद, ईमेल बंद, प्रिंटरसुद्धा बंद. काहीही उघडायचं तर पासवर्ड हवा, आणि तो फक्त त्यालाच ठाऊक.

"तुमच्या हातात सगळं मोकळं सोडलं, तर लॅब बुडवाल!" तो पेशंटांच्या देखत म्हणाला. इतक्या वर्षांची अब्रू एका वाक्यात गेली.

आता एकेका रिपोर्टसाठी हाक जाऊ लागली, "साहेब, पासवर्ड!" साहेब यायचे, कीबोर्डवर हाताचा आडोसा धरून पासवर्ड टाकायचे आणि केबिनमध्ये जाऊन टेकतात न टेकतात तोच पुढची हाक. डबा उघडा तो उघडाच राहायचा.

"सांगून टाका की एकदाचा," ताई म्हणाल्या.

"अजिबात नाही! नियम म्हणजे नियम."

हेलपाटे घालून पायांचे तुकडे पडले, तेव्हा ताईंना केबिनमधले फोन घ्यायला धाडून साहेब स्वतःच काउंटरवर बसले.

रिपोर्ट न्यायला आलेल्या आजोबांनी त्यांना कौतुकाने न्याहाळलं. "नवीन लागलास का रे बाळा?"



केबिनमधल्या गुबगुबीत खुर्चीतून ताईंनीच उत्तर दिलं, "हो आजोबा. जरा सांभाळून घ्या, शिकतोय अजून."