सुतारशाळेतली ओळख

रंधा बाजूला ठेवून तो कैदी उठून उभा राहिला आणि हर्षलाने ओळखलं. बाबा किती वाळले होते!

हर्षला विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्र शिकत होती. वर्गाची कारागृहभेट ठरली तेव्हाच तिला ठाऊक होतं की बाबा इथेच आहेत. सख्ख्या भावाच्या खुनात त्यांना जन्मठेप झाली आणि आईने घरात त्यांचं नावही घेऊ दिलं नाही. हॉस्टेलवर ‘वडील वारले’ असं सांगून हर्षला मोकळी झाली होती. मैत्री वाढली की घरच्या चौकशा येतात, म्हणून ती कुणात मिसळतही नसे. आज दांडीच मारणार होती, पण लांबून तरी त्यांना बघावं, असं वाटलं.

“विचारा, मोकळेपणाने विचारा,” चौगुले सर मुलांना म्हणाले.

“काका, घरी कोण कोण असतं?” एकाने विचारलं.

बाबांची नजर फिरत फिरत तिच्यावर आली, अडखळली आणि खाली गेली.

“कोणी नाही, साहेब. मी एकटाच.”

मुलं पुढे निघाली. हर्षला तिथेच थांबली.

“खोटं बोलताहेत ते,” ती मोठ्याने म्हणाली. “मी आहे त्यांना. मी त्यांची मुलगी आहे.”

पुढे गेलेली मुलं मागे वळली. बाबांनी ओंजळीत तोंड लपवलं.

परतताना बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. तिने त्या जागेवर आपली पिशवी ठेवली. पुढच्या वेळी ती एकटीच येणार होती, भेटीच्या रांगेत उभी राहून, मुलगी म्हणून.