उठण्याचा क्रम

पडद्यावरचे चौकोन वायरींनी जोडून कोडी सोडवायचा नातीला भारी नाद, आणि तो लावला होता आजोबांनीच. आजचं कोडं सोपं होतं: रांगेतला पहिला काढून शेवटी न्यायचा. आकड्यांचा कंटाळा आला म्हणून तिने रांगेत घरातली माणसंच भरली, सकाळी उठतात त्या क्रमाने. आजी, आई, बाबा, आजोबा, मी.

कळ दाबली. पडद्यावर आलं: आई, बाबा, आजोबा, मी.

"अय्या! आजोबा, आजी कुठे गेली?"

आजोबांनी पडद्यावरच्या एका चौकोनावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पहिल्याला वेगळं काढलंस, पण त्याची वायर तशीच लोंबकळत ठेवलीस, धांदरट! जोड ती रांगेच्या शेवटाला."

तिने जोडली. आई, बाबा, आजोबा, मी, आजी.

"जमलं!" ती ओरडली, आणि एकदम ओशाळली. "आजोबा, सवयीने लिहून गेले हो मी आजीचं नाव. पुसू का?"

आजोबांच्या कानात आजीच्या भांड्यांची ती पहाटेची किणकिण वाजून गेली. घरात ती ऐकू आल्याला कितीतरी महिने झाले होते.

"नको गं. जन्मभर सगळ्यांच्या आधी उठली बिचारी. आता उठू दे की सावकाश."