घसरडे दगड

कालिंदीला आधी वास आला. प्रभादेवीच्या चौपाटीवर ओहोटीला मासळीचा, गटाराचा, कुजक्या फुलांचा असे सगळे वास येतात आणि त्यांची तिला सवय होती. हा वास बाथरूमचा होता. नुकत्याच घासून धुतलेल्या बाथरूमचा.

ती वाळूतून भराभर चालत खडकांपाशी पोचली. दर रविवारी ती लोकांना किनारा दाखवायला फेरीवर नेत असे; त्या फेरीतली चारपाच मंडळी पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून, रबरी मोजे चढवून खडक घासत होती. सगळ्यांत पुढे अवधूत. किनारा ओळखायला दर रविवारी सगळ्यांच्या आधी हजर होणारा, तिचा शब्द न् शब्द मनावर घेणारा. त्याच्या हातात तारेचा ब्रश होता आणि शेजारी ब्लीचिंग पावडरचं पोतं, अर्ध्याहून अधिक रिकामं.

"काकू, लवकर आलात. सरप्राइज होतं तुम्हाला," तो म्हणाला. "उजाडल्यापासून लागलोय. बघा, एक पण दगड हिरवा ठेवला नाही."

खडक पांढरेफटक पडले होते. गेल्या रविवारपर्यंत इथे हिरवा जाड थर होता. लांबून कोणालाही शेवाळच वाटलं असतं. खाली वाकून बघितलं की कळायचं, ही बटणाएवढी तोंडं आहेत, एकाला एक चिकटलेली, पाणी चढलं की उघडणारी. प्रवाळाच्या नात्यातले जीव. अख्ख्या शहराची घाण अंगावर घेऊन ते इथे तग धरून होते. या बाजूच्या किनाऱ्यावर दुसरीकडे कुठेही ते कालिंदीला सापडले नव्हते, आणि शोधायचं तिने काही बाकी ठेवलं नव्हतं.

"हे करायला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच ना." अवधूत हसला. "दर वेळी बजावता, हिरव्या दगडांवर पाय ठेवू नका, घसराल. मागच्या फेरीत आमचे अप्पा पडले, मनगट मोडलं. तरी त्यांचा हट्ट, आज येणारच. मग म्हटलं, घसरायची भानगडच मिटवून टाकू."

कालिंदीने त्याच्याजवळची बादली ओढून घेतली आणि ती पाण्याकडे धावली. तिच्या वयाला ते धावणं शोभत नव्हतं. "पाणी आणा," ती ओरडली. "सगळे पाणी आणा."

का, ते कोणी विचारलं नाही. माणसं चांगली होती, हीच तर पंचाईत होती. जो तो बादली घेऊन पळत सुटला. ओहोटीने समुद्र लांब गेलेला. येईपर्यंत अर्धं पाणी वाटेत सांडत होतं. एका कपारीत तळहाताएवढा हिरवा तुकडा उरला होता, पण त्यातलं पाणी दुधासारखं झालं होतं. कालिंदी गुडघ्यांवर बसून ते ओंजळीने उपसू लागली. बोटं चरचरत होती. गढूळ पाणी काढायचं, ताजं ओतायचं, पुन्हा काढायचं. मग ती थांबली आणि नुसती बघत बसली.

एकही तोंड उघडलं नाही. तिने हलकेच बोट लावलं, तर हिरवा थर भिजलेल्या कागदासारखा सुटून बोटाला चिकटला.

अवधूत भरलेली बादली घेऊन उभा होता. "काकू, हे शेवाळ नव्हतं?"

"नव्हतं."

"जिवंत होतं?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगून काय झालं असतं रे?" तिचा आवाज फाटला. "खेकडा दाखवला की पोरं नाचतात, शंख दाखवला की फोटो निघतात. याला ना डोळे ना पाय. याच्यासाठी कोणी वाट वाकडी केली असती? तोंडावर हो म्हणाले असते आणि तुडवून गेले असते. पडायला मात्र सगळे घाबरतात. म्हणून घसराल म्हणत राहिले."

"आम्ही ऐकलं असतं, काकू."

तिला ते पटलं नव्हतं. त्याच्याशी भांडायचं त्राणही तिच्यात उरलं नव्हतं.

एव्हाना बाकीची मंडळी रस्त्यावरून उतरून आली होती. खडकांवरून सगळे अगदी आरामात चालत होते, कोणी कोणाचा हात धरला नव्हता. मधोमध अप्पा. एक हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला, दुसऱ्या हातात काठी.

"कालिंदी, आज कमाल झाली गं," ते लांबूनच म्हणाले. "एकदा पण पाय सटकला नाही."

त्यांच्या मागून सुरुची लेकीला घेऊन येत होती. "काकू, आज काय दाखवणार?"

कालिंदी उठली. दाखवण्यासारखं तिच्याजवळ बोटाला चिकटलेलं तेवढंच होतं. ते तिने पदराला पुसलं नाही.

"आधी दगडांवरून उतरा," ती म्हणाली. "यांच्यावर पाय ठेवू नका. हे जिवंत आहेत."

होते, असं म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

कोणी हसलं नाही. दगड कसा जिवंत असेल, असंही कोणी विचारलं नाही. सुरुचीने लेकीला पटकन कडेवर उचलून घेतलं. माणसं पाय सांभाळत, एकमेकांना सावरत मागे सरली आणि बुटांसकट घाण पाण्याच्या डबक्यात जाऊन उभी राहिली. ब्रशवाल्यांनी खाली टाकलेले ब्रश उचलून पाठीमागे लपवले.

अप्पा तेवढे मधल्या दगडावर राहिले. त्यांना झटकन वळता येत नव्हतं. त्यांनी काठी दगडावरून उचलली आणि तशीच अधांतरी धरली. तोल सांभाळताना त्यांचे पाय थरथरत होते.

"अगं," ते हळूच म्हणाले, "मग ही कुठे टेकू?"