काळं पडलेलं पान

“केक काप की आता! पाहुणे काय तुझं तोंड बघायला आलेत?” ओटिलिए म्हणाली.

तिच्या नवऱ्याने, प्रोफेसर थ्योनेस यांनी, सुरी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. त्यांचं लक्ष दाराकडे होतं. त्यांच्या शिष्येची, इर्मगार्डची, गाडी एव्हाना यायला हवी होती.

सत्तरीच्या वाढदिवसाला शिष्यांनी गुरूला लेखांचा ग्रंथ अर्पण करायचा, ही आमच्या विद्यापीठातली रीत. ग्रंथ तयार होता. फक्त पहिलं पान कोरं ठेवलं होतं. त्यावर इर्मगार्ड आणणार होती तो फोटो चिकटवायचा होता.

जुन्या मठांतले भिक्षू लिहिण्याचं महागडं कातडं वाचवायला आधीचा मजकूर खरवडून वर प्रार्थना लिहीत. तसल्या पानावर मायफळाचा अर्क फिरवला, की पुसलेली शाई थोडा वेळ वर येते आणि मग पान कायमचं काळं पडतं. त्या काळी सगळेच विद्वान हे करत. तरुण थ्योनेसही डोंगरातल्या एका मठात अर्काची बाटली घेऊन गेले, आणि बाहेर पडले ते एका विस्मृत राजाच्या बखरीच्या ओळी घेऊन. त्या ओळींवर त्यांची प्राध्यापकी उभी राहिली. पुढे त्यांच्या लाडक्या शिष्येचं, इर्मगार्डचं, पुस्तक आणि नोकरीही.

त्या पानाचा विषय निघाला की मात्र थ्योनेस यांची मान खाली जाई. “वाटोळं केलं मी त्या पानाचं,” एवढंच म्हणत. लोकांना तो विनय वाटे. पण ती खरीखुरी शरम होती. तिच्यापायी त्यांनी पुन्हा त्या मठाचं तोंड पाहिलं नाही.

आता नवा दिवा निघाला होता. त्याच्या जांभळ्या उजेडात फोटो काढला, की काळ्या डागाखालचंही वाचता येई. गुरूला वाढदिवसाची भेट म्हणून त्या पानाचा फोटो काढायला इर्मगार्ड तो दिवा घेऊन मठात गेली होती. “कशाला उगाच तसदी,” असं थ्योनेस म्हणून पाहत होते, पण ती ऐकेना.

“घाबरलास की काय रे?” प्रोफेसर क्रुम्पहोल्त्स कानाशी येऊन म्हणाले. यांनी जन्मभर थ्योनेस यांच्या चुका काढल्या होत्या. “एखादं अक्षर चुकलं असेल तर माफ करीन. छापीन, पण माफ करीन.”

“एखादंच नसेल,” थ्योनेस म्हणाले.

दार उघडलं. इर्मगार्ड आत आली. अंगात प्रवासाचा कोट तसाच, हात रिकामे.

“फोटो ज्या काचेवर घेतला होता तीच फुटली, प्रोफेसरसाहेब. स्टेशनवर पेटी हातातून निसटली. पार चुरा झाला.”

“अरेरे!” ओटिलिए म्हणाली.

“पण त्याआधी मी वाचलं सगळं.” इर्मगार्ड केककडे बघत बोलत होती. “सरांनी छापलंय अगदी तसंच आहे. अक्षर न् अक्षर.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. ओटिलिएने डोळे पुसले. “बघ! उगाच मेला आयुष्यभर मान खाली घालून बसलास.”

क्रुम्पहोल्त्स यांनी थ्योनेस यांचा हात हातात घेतला. “हरलो बाबा. खरंच हरलो. पण पोरी, पान तर आहे ना तिथे? दुसरा फोटो काढता येईल की.”

“नको!” थ्योनेस आणि इर्मगार्ड एकदमच म्हणाले.

सगळे हसले. या दोघांना हसू आलं नाही. आत आल्यापासून पहिल्यांदाच इर्मगार्डने गुरूकडे पाहिलं. तिचे कान लालबुंद झाले होते. एका शंकास्पद अक्षरासाठी याच मुलीला त्यांनी सबंध प्रकरण पुन्हा लिहायला लावलं होतं. धरणीने पोटात घ्यावं असं थ्योनेस यांना वाटलं.

त्यांनी सुरी उचलली आणि केक कापायला घेतला. तरुणपणी त्या पानावर त्यांनी अर्क ओतला होता, तो प्रार्थनांखाली काहीही लिहिलेलं नाही याची नीट खात्री करून घेतल्यावरच.