पेढ्यांची तुला

मी देवळातल्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात मांडी घालून बसले होते. समोरच्या पारड्यात सासूबाईंनी पेढ्यांचा शेवटचा पुडाही ठेवला, तरी माझं पारडं जमिनीवरून उठेना.

दोन महिने माझं वजन एकाहत्तरवर अडकलं होतं. भाकरी अर्धी केली, चहातली साखर सोडली, रोज टेकडी चढले, पण काटा ढिम्म हलेना. मी नाद सोडणार, एवढ्यात सासूबाईंनी परस्पर देवीला नवस बोलून टाकला: सून सत्तरवर आली की पेढ्यांनी तिची तुला करीन. मग आळीतली प्रत्येक बाई येताजाता विचारू लागली, "उतरलं का गं?" त्यांना काळजी माझी नव्हती, पेढ्यांची होती. पण त्या धाकानं शेवटचा किलो उतरला आणि काल सत्तर किलो पेढे घरी आले.

"हलवायानं मापात मारलं!" सासूबाई कडाडल्या. जमलेल्या बायकांनी माना डोलावल्या.

मला राहवेना. सासूबाईंना जवळ बोलावून मी कुजबुजले, "आई, त्याला बोल लावू नका. काल तुम्ही देवळात गेलात तेव्हा मी त्यातले पाव किलो खाल्ले. त्या पारड्यातले गेले ते या पारड्यात आले."

आजूबाजूला पाहून त्या माझ्या कानाशी वाकल्या. "गप्प बस. देवळात जायच्या आधी अर्धा किलो मी खाल्लाय."

मग पदर खोचून त्या गुरुजींकडे वळल्या. "बघा ना गुरुजी, देवीच्या पेढ्यांवरसुद्धा हात मारतात मेले!"