उत्तनच्या वाटेवरचं जाळं

कॅल्विन जाळ्यापाशी येऊन बसला तसे तिघे जण चहाच्या निमित्तानं उठले. त्यांतल्या अंतोननं वाळूवरचा आपला मोबाइल आठवणीनं खिशात टाकला.

चार महिन्यांनी तो उत्तनजवळच्या चौक गावी, घरी परतला होता. बोटीवर दोर ओढताना खांदा निखळला, तेव्हा दुखणं मरावं म्हणून गोळ्या सुरू झाल्या. खांदा बरा झाला, गोळ्या सुटल्या नाहीत. गावानं त्याचं नाव पाडलं, गोळीवाला. शेवटी आईनं भरदिवसा, सगळ्यांदेखत त्याला रिक्षात घालून व्यसनमुक्ती केंद्रात नेलं.

आता जाळ्यापाशी उरले एकटे डॉमनिक काका, त्याच बोटीचे तांडेल, बोटीवरचे मुख्य. 'माज्या बोटीला हात लावायचा न्हाय,' असं त्यांनीच त्याला बजावलं होतं.

कॅल्विन खाली मान घालून फाटलेलं शिवू लागला. हात विसरले नव्हते. तो पहिल्यांदा बोटीवर गेला त्या वर्षी हा किनारा कसा भरलेला असायचा! काका लग्नातलं एखादं गाणं उचलायचे, पंधरा-वीस गडी मागून सूर धरायचे, आणि बोंबील वाळत घालणाऱ्या बाया तिकडून असं काही चावट कडवं फेकायच्या की गडी लाजून गप्प व्हायचे. मग त्यांच्यातली मॅबेल मावशी टोपलीभर मैद्याचे गरम, गोल फुगे तळून आणायची. पहिला फुगा काका त्याच्या हातावर ठेवायचे.

"काका, तुमी आता गात न्हाय?" तो न राहवून बोलून गेला.

काकांनी चहाच्या टपरीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तथं म्हाताऱ्यांना घेतात काय रं?"

"कुठं?"

काकांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी काढली. कॅल्विननं ती रंगावरूनच ओळखली.

"पावसाळ्यात कंबर धरली व्हती. तवापासून. घरी कोनाला ठाव न्हाय."

"पहिले आठ दिवस लय वाईट जातात, काका," कॅल्विन म्हणाला. "मग जेवन गोड लागतं. मी येईन तुमच्यासंगं."

काका पट्टी परत खिशात टाकायला गेले. ती निसटून जाळ्यावर पडली. तेवढ्यात तिघे परतले.

"बगा!" अंतोन ओरडला. "सुधारला म्हनं! येऊन दोन दिस न्हाय झालं!"

कॅल्विननं पट्टी उचलून मुठीत धरली. मान वर केली नाही.

काकांनी समुद्राकडे पाहिलं. मग त्यांनी कॅल्विनची मूठ धरली, एकेक बोट उघडलं आणि पट्टी आपल्या हातात घेतली.

"माजी हाय," ते म्हणाले. "उद्या ह्यो मना तथं घेऊन जातोय. बसा आता. जाळं राहिलंय."

अंतोन कॅल्विनला लागूनच बसला.