बोटाची खूण

मैदा, त्याच्या निम्मं मीठ, थोडं तेल. बिटाचा रस घालून दगडाबाईनं गुलाबी गोळा मळला, ताटलीत ठेवला, आणि सवयीनं तिची दोन बोटं त्यात रुतली.

“मावशी, पुन्हा तेच,” मॅडम म्हणाल्या.

सिडकोतल्या त्या प्लेस्कूलमध्ये आज मुलं पिठाशी खेळणार होती. दाबायचं, चिमटायचं, वास घ्यायचा, मऊ काय अन् कडक काय ते हाताला कळू द्यायचं. पिठात हात घालायला शिकवणारी शाळा निघेल, असं दगडाबाईला जन्मात वाटलं नव्हतं. वीस ताटल्या, प्रत्येकीवर एकेका मुलाचं नाव. मुलांनी हात लावायच्या आधी मॅडमना फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकायचा होता, आणि फोटोत गोळे कसे, दुकानातून आणल्यासारखे दिसायला हवे होते.

“एकदम गुळगुळीत पाहिजेत. ही बोटं कशाला उमटवता दर वेळी?”

“तसाच गोळा ठिवू नये, मॅडम.”

“का?”

दगडाबाईनं समोर पाहिलं. वीस लेकरं मांडी घालून बसली होती. त्यांच्यादेखत तो शब्द तोंडातून कसा काढायचा? पीठ मळलं की त्यावर बोटं उमटवायची, हे तिला आईनं शिकवलं होतं. बिनबोटांचा गोळा म्हणजे पिंड, तो मेलेल्या माणसाला ठेवतात. असे गोळे तिनं मागच्या वर्षी पैठणला गोदाकाठी पाहिले होते, लेकाच्या दहाव्याला.

“आमच्याकडं नाय ठिवत,” ती एवढंच म्हणाली.

“हे तुमचं घर नाही, मावशी.”

ते तर खरंच होतं. दगडाबाईनं एकेक गोळा तळहातावर फिरवला, बोटांच्या खुणा पुसून टाकल्या आणि एकेका नावावर ठेवत गेली. लोकांची लेकरं, तळहाताच्या फोडासारखी जपलेली. मनातल्या मनात ती प्रत्येकाची माफी मागत होती. विसावी ताटली ईश्वरीची होती. ईश्वरी तिची नात, त्याच लेकाची पोर. तिथं मात्र तिनं मॅडमकडं पाठ केली आणि गोळ्यावर हळूच एक बोट दाबलं.

मॅडमनी मोबाईल वर धरला, परत खाली घेतला. “ही ताटली बाजूला करा. ईश्वरी, तू जरा मागं जाऊन बस, बेटा.”

ईश्वरी उठून भिंतीपाशी जाऊन बसली. रडली नाही. आजी इथं झाडूपोछा करते म्हणून आपल्याला इथं बसू देतात, आणि तसं बसणाऱ्यानं रडायचं नसतं, एवढं तिला चौथ्या वर्षीच कळलं होतं. दगडाबाई लगबगीनं पुढं झाली.

“थांबा मॅडम. नीट करून देते.”

तिनं गोळा उचलला आणि खूण बुजेपर्यंत तळहातावर फिरवला. मग स्वतःच्या हातानं तिनं तो नातीच्या नावावर ठेवला.

ईश्वरी पळत जागेवर येऊन बसली. फोटो निघाला. “बघा, ईश्वरीचा गोळा सगळ्यांत सुंदर,” मॅडम म्हणाल्या, आणि पोरं पिठावर तुटून पडली. कुणी साप केला, कुणी जिलबी. एकानं तुकडा तोंडात घातला आणि थू करून सतरंजीवर टाकला.

शाळा सुटल्यावर दगडाबाई तीच सतरंजी झाडत होती. ईश्वरी तिच्यापाशी आली. दोन्ही हातांत धरलेली ताटली तिनं इतकी जपून आणली होती की गोळा जागचा हलला नव्हता.

“आजी, सगळ्यांनी मोडले,” ती म्हणाली. “मी बोटसुद्धा लावलं नाय.”